सासऱ्यांची खाट आत घ्या, गोळ्या कपाटाबाहेर काढा

प्रश्न : ताई, आमची वस्ती समुद्राला लागून, खाडीच्या तोंडाशी आहे. घरात सासरे, माझा नवरा, मी आणि चार वर्षांची मुलगी. मला आता चौथा महिना सुरू आहे. सासऱ्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली सुजलेला आहे, त्याला बरीच वर्षं झाली. मधूनमधून थंडी वाजून ताप येतो, पाय लाल होतो, आणि ताप उतरल्यावर पाहावं तर सूज आधीपेक्षा थोडी वाढलेलीच असते. मध्यंतरी आरोग्य केंद्राची माणसं रात्री येऊन त्यांचं रक्त घेऊन गेली. त्यात काही सापडलं नाही म्हणाले. मग हा रोग आहे तरी कसला? शेजारचे सांगतात, खाऱ्या पाण्यात उभं राहून पाय असा होतो. माझी नणंद म्हणते, आजोबांना चावलेला डास नातीला चावला की तिलाही हत्तीरोग होणार. म्हणून तिनं त्यांची खाट पडवीत टाकायला लावली. मुलीला ती त्यांच्या मांडीवरही बसू देत नाही. सासरे काही बोलत नाहीत, पण जेवण कमी झालंय. घरोघरी गोळ्या वाटणारे आले होते, तेव्हा आम्ही गोळ्या ठेवून घेतल्या, खाल्ल्या नाहीत. आम्हाला काहीच झालेलं नाही, मग औषध कशाला? शिवाय शेजारच्या एकाला त्या खाऊन ताप आला. एक गोष्ट लिहायला संकोच वाटतो. नवऱ्याला खाली अंडकोशाला एका बाजूनं सूज आहे. ते कुणाला दाखवत नाहीत. मासेमारीमुळे बऱ्याच रात्री ते होडीवर नाहीतर वाळूवरच झोपतात. आम्ही काय करावं?
– एक सून

उत्तर : तुमच्या पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण त्यातल्या एकाचं उत्तर उद्यावर ढकलण्यासारखं नाही, म्हणून तेच आधी. सासऱ्यांची खाट आज रात्रीच घरात घ्या. मुलीला त्यांच्या मांडीवर बसू द्या, त्यांच्या हातून घास खाऊ द्या. हत्तीरोग स्पर्शानं होत नाही. एका ताटात जेवल्यानं, एका पांघरुणात झोपल्यानं, श्वासातून, घामातून, कशातूनही होत नाही. तो सुजलेला पाय तुम्ही रोज आपल्या हातांनी धुतलात तरी तुम्हाला काही होणार नाही. आणि पुढे मी तुम्हाला तो रोज धुवायलाच सांगणार आहे.

नणंदेवर रागावू नका. डासाचं नाव तिनं बरोबर घेतलं आहे. डासाच्या पोटात जाऊन पुढे काय होतं, ते तिला कुणी सांगितलेलं नाही, एवढंच.

हत्तीरोगाचे जंत दोऱ्यासारखे असतात. मादी आठ-दहा सेंटिमीटर लांब, नर साधारण त्याच्या निम्मा. ते राहतात आपल्या लसीकावाहिन्यांमध्ये. रक्तवाहिन्यांतून पेशींभोवती जे पाणी झिरपतं, ते गोळा करून पुन्हा रक्तात नेऊन सोडणाऱ्या या बारीक नळ्या. तिथं नर आणि मादी दोन्ही असले, की मादी वर्षानुवर्षं लाखो सूक्ष्म पिल्लं रक्तात सोडत राहते. या पिल्लांना मायक्रोफायलेरिया म्हणतात. दिवसभर ती फुफ्फुसांतल्या आतल्या रक्तवाहिन्यांत जाऊन राहतात आणि रात्री त्वचेजवळच्या रक्तात येतात. साधारण दहा ते दोन या वेळात ती सगळ्यात जास्त असतात. रात्री चावणाऱ्या डासांचीही हीच वेळ. तुमच्याकडे आरोग्य कर्मचारी अपरात्री दार वाजवून बोटातून रक्त घेऊन गेले, ते याच कारणानं. दिवसा घेतलेल्या रक्तात बहुतेक वेळा काही दिसलंच नसतं.

आता नणंदेच्या भीतीकडे येऊ. समजा, ज्याच्या रक्तात ही पिल्लं आहेत अशा माणसाला डास आज रात्री चावला. रक्ताबरोबर काही पिल्लं डासाच्या पोटात गेली. तिथून ती पोटाची भिंत भेदून डासाच्या छातीच्या स्नायूंत शिरतात, दोनदा कात टाकतात आणि मग कुठे माणसाला लागण करू शकेल अशी अळी तयार होते. याला दहा ते चौदा दिवस लागतात, कधी त्याहूनही जास्त. तोवर ही अळी डासाच्या सोंडेपर्यंत पोचलेलीच नसते. म्हणजे आजोबांना चावून लगेच नातीला चावलेला डास तिला हत्तीरोग देऊच शकत नाही. बहुतेक डास तेवढे दिवस जगतही नाहीत.

पुढचं ऐका, कारण इथं हा रोग मलेरियापेक्षा अगदी वेगळा आहे. मलेरियाचे परजीवी डासाच्या शरीरात कितीतरी पटींनी वाढतात. हत्तीरोगाची पिल्लं डासात मोठी होतात, पण संख्येनं वाढत नाहीत. एका पिल्लापासून फार तर एकच अळी तयार होते, आणि पुष्कळशी मध्येच मरतात. डास पुन्हा चावतो तेव्हाही तो ही अळी सुईसारखी रक्तात टोचत नाही. चावताना ती त्याच्या सोंडेतून बाहेर पडते, त्वचेवर येते आणि चाव्याचं छिद्र शोधून तिला स्वतःच आत शिरावं लागतं. कितीतरी अळ्या तिथंच वाळून मरतात. आत शिरलेल्या अळीची वाढ होऊन रक्तात पिल्लं दिसायला सहा महिने ते वर्ष जातं, आणि तेही नर-मादी दोन्ही पोचले असतील तरच. त्यामुळे हा रोग जडायला एक-दोन चावे पुरत नाहीत. महिनोन् महिने, वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा चावे बसावे लागतात. आठ दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याला तो सहसा होत नाही. तिथंच जन्मून तिथंच वाढणाऱ्या मुलाला होतो.

म्हणूनच तुमच्या मुलीची काळजी मला आहे, फक्त नणंदेला वाटते त्या कारणानं नाही. ज्या वस्तीत रात्री डासांमुळे झोप लागत नाही, तिथं लागण लहानपणीच सुरू होते. मूल खेळतं, बागडतं, अंगावर काही दिसत नाही. आतल्या वाहिन्या मात्र हळूहळू खराब होत जातात आणि सूज दिसते ती मोठेपणी. तुमच्या सासऱ्यांचा पाय आज सुजलेला दिसतो, पण जंत त्यांच्या अंगात शिरले असतील ते कित्येक वर्षांपूर्वी, बहुधा ते स्वतः लहान किंवा तरुण असताना.

खाऱ्या पाण्याचं म्हणाल तर शेजाऱ्यांना हसण्यात अर्थ नाही. रोज पाण्यात उभं राहणाऱ्यांचे पाय सुजलेले दिसतात, तेव्हा बोट पाण्याकडेच जातं. ज्या माणसानं डासाचा संबंध पहिल्यांदा दाखवला, तोही पाण्यापाशीच अडखळला होता. पॅट्रिक मॅन्सन नावाचे स्कॉटिश डॉक्टर चीनच्या किनाऱ्यावर अमॉय बंदरात काम करत. १८७७ मध्ये त्यांनी रक्तात ही पिल्लं असलेल्या माणसाला डास चावू दिले, मग ते डास कापून पाहिले आणि पिल्लं डासात वाढताना त्यांना दिसली. कीटकाच्या शरीरात माणसाच्या रोगाचा जंतू वाढतो, हे तेव्हा पहिल्यांदाच कळलं. पण पुढे त्यांचा समज असा झाला, की डास पाण्यावर मरून पडतो, जंत पाण्यात उतरतात आणि ते पाणी प्यायल्यानं रोग होतो. डासाच्या सोंडेत बसलेली अळी १९०० मध्ये जॉर्ज कारमायकल लो यांनी दाखवली, तेव्हा चाव्याची गोष्ट पक्की झाली. समुद्राचं पाणी निर्दोष आहे. मात्र पायाला भेगा किंवा जखमा असतील तर ओल्यात तासन् तास राहणं सासऱ्यांना बाधतं. त्याचं कारण वेगळं आहे, ते पुढे सांगते.

आता तुम्ही विचारलंत, रक्तात काही सापडलं नाही तर मग हा रोग कसला. रोग हत्तीरोगच असू शकतो. प्रौढ जंत साधारण सहा ते आठ वर्षं जगतात. ते मेले तरी त्यांनी रुंदावलेल्या, निकामी केलेल्या लसीकावाहिन्या पूर्ववत होत नाहीत. पाणी साचत राहतं, त्या साचलेल्या पायात साधे जिवाणू सहज घुसतात आणि प्रत्येक वेळी आणखी नुकसान करून जातात. त्यामुळे ज्यांचा पाय वर्षानुवर्षं सुजलेला आहे, अशा बहुतेकांच्या रक्तात पिल्लं नसतात. डासाला त्यांच्याकडून न्यायला काही उरलेलंच नसतं.

मग डास पिल्लं उचलतो कुणाकडून? ज्यांना काहीच झालेलं नाही, अशांकडून. रक्तात हजारो पिल्लं घेऊन फिरणारी माणसं बहुतेक वेळा ठणठणीत दिसतात. जाळी ओढतात, ओझी उचलतात, शाळेत जातात, लग्नात नाचतात. त्यांचा पाय सुजलेला नसतो, ताप नसतो, म्हणून ती कधी तपासणीला जात नाहीत. वस्तीतला रोग चालू ठेवतात ती हीच माणसं, आणि त्यांना स्वतःला ते ठाऊक नसतं. सुजलेल्या पायाच्या म्हाताऱ्या माणसाला सगळे बाजूला काढतात आणि ज्यांच्याकडून डास रोज रात्री पिल्लं नेतो, ती माणसं आपण निरोगी म्हणून गोळी परत करतात. हे पाहिलं की मला फार वाईट वाटतं.

तुमच्या कपाटातल्या गोळ्यांचा अर्थ आता लक्षात आला असेल. त्या तुमच्यासारख्या काहीच न झालेल्या लोकांसाठीच आहेत. कोणाच्या रक्तात पिल्लं आहेत, हे घराघरांत मध्यरात्री जाऊन शोधत बसण्यापेक्षा सगळ्यांनी वर्षातून एकदा गोळी घ्यावी, रक्तातली पिल्लं नष्ट व्हावीत, म्हणजे डासाला उचलायला काही मिळणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००० मध्ये सुरू केलेल्या निर्मूलन कार्यक्रमाचा हाच गाभा आहे. एकदा घेऊन भागत नाही, कारण ही औषधं पिल्लांना चांगलं मारतात पण सगळे प्रौढ जंत मरत नाहीत. उरलेली मादी पुन्हा पिल्लं सोडू लागते. म्हणून ती म्हातारी होऊन मरेपर्यंत दरवर्षी गोळी घ्यायची. गोळ्यांत डीईसी आणि अल्बेंडाझोल ही दोन औषधं असतील तर निदान पाच वर्षं, आणि दर वेळी एकूण लोकसंख्येतल्या किमान ६५ टक्के लोकांनी. त्याहून कमी लोकांनी घेतली तर उरलेल्यांच्या रक्तावर डासांचं काम चालू राहतं. एका घरानं गोळ्या कपाटात ठेवल्या तर त्याची झळ शेजारच्या घरातल्या मुलालाही लागते.

हे कागदावरचं नाही. श्रीलंकेत नैर्ऋत्य किनारपट्टीत हा रोग पिढ्यान् पिढ्या होता. तिथं २००२ ते २००६ अशी लागोपाठ पाच वर्षं सगळ्यांना डीईसी आणि अल्बेंडाझोल दिलं गेलं आणि २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देश हत्तीरोगाच्या प्रश्नातून सुटल्याचं मान्य केलं. मालदीवलाही त्याच वर्षी. चारी बाजूंनी समुद्र असलेल्या देशांना जमलं, तर खाडीच्या तोंडावरच्या वस्तीलाही जमू शकतं.

शेजारच्याला गोळी खाऊन ताप आला, त्याबद्दल. ताप, डोकेदुखी, अंगदुखी, मळमळ, चक्कर हे होऊ शकतं, बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत, आणि मग आपोआप जातं. ज्याच्या रक्तात पिल्लं असतात त्याला हा त्रास जास्त होतो, कारण ती एकदम मरतात आणि शरीर त्याला प्रतिसाद देतं. ज्याच्या रक्तात काही नाही, त्याला सहसा फारसं काही होत नाही. तेव्हा त्या शेजाऱ्याला गोळीची सगळ्यात जास्त गरज होती, असं समजायला जागा आहे. गोळी उपाशीपोटी घेऊ नये, जेवून घ्यावी, पाणी भरपूर प्यावं, ताप आला तर पॅरासिटामॉल घ्यावं. अंगावर खूप पुरळ उठलं, श्वास लागला, किंवा त्रास दोन दिवसांतही कमी झाला नाही, तर थेट आरोग्य केंद्र गाठावं.

पण कपाटातल्या त्या गोळ्या आता आपल्या मनानं वाटून घेऊ नका. प्रत्येकाला किती द्यायच्या, हे वयावर किंवा उंचीवर ठरतं आणि कोणत्या औषधांची फेरी होती त्यावरही. त्या तशाच घेऊन आरोग्य केंद्रात जा आणि सांगा, आमच्या घराच्या राहिल्या आहेत, आता समोरच घेतो. तुम्हाला कुणी रागावणार नाही. राहिलेलं घर स्वतःहून आलं, याचा त्यांना आनंदच होईल.

आता डासांकडे. धुराची फवारणी होते तेव्हा लोकांना बरं वाटतं, पण तिचा उपयोग त्या घटकेला हवेत उडणाऱ्या डासांपुरता. पाण्यातल्या डासांच्या अळ्या तशाच राहतात आणि आठ-दहा दिवसांत नवे डास तयार. माझा भर नेहमी पाण्यावर असतो, आणि किनाऱ्यावरच्या वस्तीचं पाणी हा एक स्वतंत्र विषय आहे. जमिनीखालचं पाणी तिथं वरच असतं, त्यामुळे शौचालयाचा खड्डा किंवा सेप्टिक टँक खोदला की त्यात वर्षभर पाणी राहतं. जमीन सपाट, उतार नाही. भरती आली की गटाराचं पाणी पुढे जाण्याऐवजी मागे तुंबतं. खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध तयार झाला की आतलं सांडपाणी अडकून बसतं. हे घाण, कुजकं, स्थिर पाणी क्युलेक्स जातीच्या डासाला हवं असतं. दाट वस्तीत हत्तीरोग पसरवण्यात पुढे असतो तो हाच. रात्री घरात शिरून चावतो, आणि त्याची मादी पाण्यावर एकाच वेळी शंभराहून जास्त अंडी एकमेकांना चिकटवून तराफ्यासारखी सोडते.

झांझिबार बेटावर मकुंडुची नावाच्या गावात १९८० च्या दशकाच्या अखेरीस एक साधी गोष्ट करून पाहिली गेली. शौचालयांच्या खड्ड्यांतल्या पाण्यावर थर्माकोलच्या बारीक मण्यांचा जाड थर पसरला. तो तरंगत राहतो, मादीला अंडी घालायला पाणी सापडत नाही आणि खालच्या अळ्यांना श्वास घेता येत नाही. जोडीला लोकांना औषध दिलं. गावातले डासही कोसळले आणि लोकांच्या रक्तातली पिल्लंही. तुमच्या घरापुरतं सांगायचं तर सेप्टिक टँकच्या झाकणाला भेग असेल तर ती सिमेंटनं बुजवा, टाकीच्या वर आलेल्या हवेच्या पाइपच्या तोंडाला बारीक जाळी घट्ट बांधा, आणि सांडपाण्याचं डबकं दारात साचत असेल तर त्याला वाट करून द्या. हे एका घरानं करून थोडा फरक पडतो, ओळीतल्या वीस घरांनी केलं तर झोपेत जाणवण्याइतका पडतो.

मात्र सगळीकडे डास एकच नसतो, हे लक्षात ठेवा. पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर अॅनॉफेलिस डासाच्या काही जाती मचूळ, खारट पाण्यातही वाढतात आणि हत्तीरोग पसरवतात. प्रशांत महासागरातल्या काही बेटांवर एडिस जातीचा डास खेकड्यांच्या बिळांत, उंदरांनी कुरतडलेल्या नारळांच्या कवट्यांत, ओढून ठेवलेल्या होड्यांत साचलेल्या पावसाच्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. तिथल्या हत्तीरोगाची पिल्लंही दिवसा रक्तात असतात. त्यामुळे तुमच्या वस्तीत कोणता डास आहे आणि कोणत्या पाण्यात आहे, हे आरोग्य खात्याच्या कीटक तपासणाऱ्या माणसांना विचारा. पण होडीत साचलेलं पाणी उपसून टाकायला आणि रिकाम्या कवट्या उलट्या करायला कुणाची वाट पाहायची गरज नाही. त्यानं इतर डासही कमी होतात.

मच्छरदाणी सगळ्यांना हवी, आणि सासऱ्यांना सगळ्यात आधी. त्यांना पडवीत टाकून तुम्ही नकळत उलटंच केलंत. उघड्यावर झोपलेल्याला डास अधिक चावतात. त्यांच्या रक्तात पिल्लं नसतील तर त्यांना बाजूला ठेवून काही साधलं नाही. आणि चुकून थोडी असतीलच, कारण एका तपासणीत कधी कधी ती सुटतात, तर उघड्यावर झोपवल्यानं डासांना ती जास्तच मिळाली. औषध लावलेली मच्छरदाणी मिळत असेल तर उत्तम, नसेल तर साधी, भोक नसलेली, गादीखाली नीट खोचलेली. मच्छरदाणी आणि घरातल्या फवारणीचा परिणाम कमी समजू नका. सोलोमन बेटांवर १९७० च्या दशकात मलेरियासाठी घरांच्या भिंतींवर डीडीटी मारत होते. तिथं दोन्ही रोगांचा डास एकच होता. हत्तीरोगासाठी वेगळं औषध न वाटताही तो तिथं मागे हटला.

तुमच्या नवऱ्यालाही हे सांगा. होडीवर, वाळूवर मध्यरात्री उघड्या अंगानं झोपणं म्हणजे नेमक्या नको त्या वेळी डासांच्या तावडीत सापडणं. चार काठ्यांवर बांधता येणारी मच्छरदाणी होडीत राहू दे. पूर्ण बाह्यांचा सदरा, अंगाला लावायचं डासरोधक मलम, जे जमेल ते.

आणि ती दुसरी गोष्ट, जी तुम्ही धीर करून लिहिलीत. बरं झालं लिहिलंत. अंडवृद्धी, म्हणजे लोक ज्याला हायड्रोसिल म्हणतात, ती हत्तीरोगामुळे होऊ शकते, आणि रोग असलेल्या भागात सुजलेल्या पायांपेक्षाही अंडवृद्धी झालेले पुरुष जास्त असतात. ते दिसत नाहीत, कारण कुणी बोलत नाही. पुरुष वर्षानुवर्षं सैल कपडे घालून लपवतात, ओझं उचलताना वेदना सहन करतात आणि नवरा-बायकोत अबोला येतो तो वेगळाच. पायाच्या सुजेला पूर्ण बरी करणारी शस्त्रक्रिया सहसा नसते. अंडवृद्धीला ती आहे, लहानशी आहे, आणि त्यानंतर माणूस पुन्हा नेहमीसारखं काम करतो. प्रत्येक सूज हत्तीरोगाचीच असेल असं नाही, हर्निया किंवा दुसरं काही असू शकतं, म्हणून डॉक्टरांनी पाहणं आवश्यकच. रात्रीची रक्ततपासणीही त्यांची व्हायला हवी, कारण सासऱ्यांच्या नाही पण नवऱ्याच्या रक्तात पिल्लं सापडण्याची शक्यता खरोखर आहे. त्यांना म्हणा, लाज वाटण्यासारखं यात काही नाही, हत्तीरोग असलाच तर तो डास चावल्यानं झालेला आजार आहे. पुरुष डॉक्टर हवे असतील तर तसं विचारता येतं. तुम्ही बरोबर गेलात तर ते जातील, असं तुमच्या पत्रावरून मला वाटतं.

आता सासऱ्यांचा पाय. इथं तुमच्या हातात पुष्कळ आहे. मधूनमधून येणारा थंडीताप आणि लाल होणारा पाय हे बहुतेक वेळा जंतांचं काम नसतं. बोटांच्या बेचक्यातली चीर, टाचेची भेग, खाजवलेली जागा, तिथून जिवाणू आत जातात आणि साचलेल्या लसीकेत, म्हणजे त्या वाहिन्यांतल्या पाण्यात, वाढतात. पाय जितका अस्वच्छ तितके ताप जास्त, आणि जितके ताप तितका पाय जाड. हे थांबवायचं तर पाय रोज धुवायचा. साधा साबण, स्वच्छ पाणी, जमलं तर रोज दोनदा. सुरुवात वरून करायची, घड्या हलकेच उघडून त्यांच्या आतपर्यंत जायचं, बोटांच्या मधल्या जागा वेगवेगळ्या धुवायच्या. ब्रशनं घासायचं नाही. मग मऊ फडक्यानं टिपायचं, पुसायचं नाही. बेचक्यात ओल राहिली तर सगळं फुकट, म्हणून तिथं सगळ्यात जास्त वेळ द्या. बेचक्यात पांढरं, ओलसर, वास येणारं काही दिसलं तर ती बुरशी आहे, तिचं मलम आरोग्य केंद्रात मिळतं. भेग किंवा जखम असेल तर जिवाणूंवरचं मलम. जखम भरेपर्यंत चिखलात आणि ओल्यात पाय नको, हे मी मघाशी म्हणाले ते यासाठी.

बसल्यावर पाय खाली लोंबकळत ठेवू नका, पाटावर किंवा उशीवर वर ठेवा. झोपताना खाटेच्या पायाच्या बाजूला दोन विटा लावा. हृदयाचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारून. घोटा वर-खाली, गोल असा दिवसातून कितीदा तरी हलवायला सांगा. पिंढरीचे स्नायू हलले तरच पाणी वर चढतं. चप्पल मऊ, रुंद, न घासणारी असावी. अनवाणी चालणं बंद.

ताप आला, पाय लाल आणि गरम झाला की त्या दिवशी व्यायाम नाही, फक्त आराम, पाय वर, त्यावर गार पाण्यात भिजवलेलं फडकं, भरपूर पाणी, आणि डॉक्टरांकडून प्रतिजैविक. शेक देऊ नका, गरम तेलानं चोळू नका, ब्लेडनं चिरा देऊन पाणी काढू देऊ नका. हे सगळं प्रेमानं केलं जातं आणि त्यानंच पाय बिघडतो. काही महिने नेमानं धुतल्यावर ताप येण्याचं प्रमाण कमी होतं, वास जातो, सूजही थोडी उतरते. पाय पहिल्यासारखा होईल असं वचन मी देणार नाही. पण माणूस वेदनेशिवाय चार घरं फिरून येऊ शकतो, हे होतं. या वर्षाच्या गोळ्या त्यांनीही घ्याव्यात, फक्त ताप चढलेला असताना किंवा दुसरा गंभीर आजार असताना नाही.

ते बोलत नाहीत, जेवत नाहीत, त्याबद्दल मी काही औषध सुचवणार नाही. नणंदेला हे उत्तर वाचायला द्या, आणि खाट आत आणताना तिलाच एक बाजू धरायला सांगा.

मुलगी चार वर्षांची आहे. डीईसी आणि अल्बेंडाझोल दोन वर्षांवरच्या मुलांना देतात, डोस कमी असतो. फेरी तीन औषधांची असेल तर त्यातलं आयव्हरमेक्टिन इतक्या लहान मुलांना देत नाहीत, म्हणून तिचं वय आणि उंची आरोग्य कर्मचाऱ्याला नीट सांगा. गोळी फोडून, पाण्यात विरघळवून त्यांच्यासमोरच द्या.

तुम्ही स्वतः मात्र यातली कुठलीही गोळी आत्ता घ्यायची नाही. गरोदरपणात या गोळ्या देत नाहीत. तुमच्या पोटातल्या बाळाची काळजी करू नका. डासाच्या शरीरात वाढल्याशिवाय कुठल्याही पिल्लाचा प्रौढ जंत होत नाही, त्यामुळे हा रोग आईकडून बाळाला, आईच्या दुधातूनही, होत नाही. तुम्ही रोज मच्छरदाणीत झोपा. बाळंतपणानंतरची जी फेरी येईल तिच्यात गोळी घ्या. बाळ अंगावर पीत असलं तरी घेता येते, फक्त प्रसूतीनंतरचा पहिला आठवडा उलटलेला असावा. त्या वेळी गोळ्या वाटायला येणाऱ्यांना तुम्ही स्वतःच सांगा, मागच्या वर्षी माझी राहिली होती.